माल आला नाहीं, तर पैसे कोणाचे?

आजच्या भाषणाचा विषय दिसावयास अगदीं घरगुती आहे. परदेशांतील एखाद्या दुकानदाराकडून इंटरनेटवरून वस्तु मागवावी, पैसे आगाऊ भरावे, आणि ती वस्तु कधींच हातीं पडूं नये, असा प्रसंग आज पुष्कळांवर येतो. वस्तु पांचशें रुपयांची असो कीं पन्नास हजारांची, मनांत उठणारा प्रश्न एकच असतो : गेलेले पैसे परत मिळतील काय, आणि ते मागावयाचे कोणाजवळ? हा प्रश्न नव्या युगाचा आहे अशी आपली समजूत असते. वस्तुतः तो निदान पावणेचार हजार वर्षांचा जुना आहे. आणि ज्या ज्या वेळीं मनुष्यानें त्याचें समाधानकारक उत्तर शोधून काढलें, त्या त्या वेळीं तें बहुधा एकाच जातीचें निघालें. तें उत्तर कोणतें, हें आज आपण क्रमानें पाहूं.

इराकच्या दक्षिण भागांत ऊर नांवाचें एक प्राचीन नगर होतें. तेथील मातीची एक लहानशी लेखांकित पाटी लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें ठेविलेली आहे. ती इ. स. पूर्वीं 1750 च्या सुमाराची असून तिच्यावर कीलाकृति लिपींत एक पत्र कोरलेलें आहे. पत्र लिहिणारा नन्नी नांवाचा गिऱ्हाईक, आणि ज्याला तें लिहिलें तो एआ-नासिर नांवाचा तांब्याचा व्यापारी. हा व्यापारी दिलमुन, म्हणजे आजचें बहारीन, येथून समुद्रमार्गें तांबें आणीत असे. नन्नीचें द्रव्य त्याच्याकडे पोंचलें होतें. परंतु नन्नीचीं माणसें माल आणण्यास गेलीं तेव्हां त्यांच्यापुढें हिणकस तांबें टाकण्यांत आलें, आणि घ्यावयाचें तर घ्या, नाहीं तर चालते व्हा, असें त्यांस सुनावण्यांत आलें. शत्रूच्या मुलखांतून जीव मुठींत धरून गेलेलीं तीं माणसें रिकाम्या हातांनीं परत आलीं. आणि हें एकदां नव्हे, अनेकदां झालें. माझें द्रव्य पुरतें परत कर, आणि यापुढें तुझें तांबें मी माझ्या स्वतःच्या अंगणांत पारखून घेईन व पसंत न पडेल तें नाकारीन, असा त्या पत्राचा भावार्थ आहे.

हें पत्र वाचतांना तें कालच्या टपालानें आलें असावें असा भास होतो. परंतु त्यांतील एक उणीव ध्यानांत घेण्याजोगी आहे. नन्नीजवळ तक्रार आहे, संताप आहे, लिहिण्याचें साधन आहे; पण त्याच्या आणि एआ-नासिरच्या मध्यें उभा राहून पैसा अडवून धरणारा असा तिसरा मनुष्य त्या पत्रांत कोठेंच नाहीं. पैसा एकदां विकणाऱ्याच्या पेटींत गेला. मग तो सोडविण्यास गिऱ्हाइकाजवळ शब्दांवांचून दुसरें हत्यार उरलें नाहीं.

त्याच काळांत बाबिलोनच्या हम्मुराबी राजानें आपले कायदे पाषाणावर कोरविले. तो स्तंभ आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयांत आहे. त्यांतील एका कलमाप्रमाणें, दूरदेशीं असलेल्या मनुष्यानें दुसऱ्याच्या हवालीं सोनें, रुपें अथवा इतर चीजवस्तु पोंचविण्यासाठीं केली, आणि त्यानें ती योग्य ठिकाणीं न पोंचवितां स्वतःच गिळंकृत केली, तर त्यानें पांचपट भरपाई द्यावी. उलट, व्यापाऱ्याच्या मुनिमास वाटेंत शत्रूनें लुटलें, तर त्यानें देवाची शपथ घेऊन मोकळें व्हावें, असें दुसऱ्या कलमांत म्हटलें आहे. लबाडीनें माल न पोंचणें आणि दुर्दैवानें माल न पोंचणें या दोन निराळ्या गोष्टी होत, हें त्या प्राचीन राजानें ओळखलें होतें. परंतु कोणाचीच लबाडी नसतां माल बुडाला, तर ती खोट कोणी सोसावयाची, हा प्रश्न उरतोच. त्याचें उत्तर समुद्रावर व्यापार करणाऱ्या लोकांनीं काढलें.

इ. स. पूर्वीं चौथ्या शतकांत अथेन्स शहर परदेशच्या धान्यावर जगत असे. तेथें सागरी कर्जाची चाल होती. सावकारानें व्यापाऱ्यास मालासाठीं पैसे द्यावे. जहाज सुखरूप परत आलें तर व्याजासकट मुद्दल घ्यावें. आणि जहाज बुडालें तर एक कवडीहि मागूं नये, असा तो करार असे. अशा एका कराराचा मजकूर आजहि उपलब्ध आहे. त्यांत हजारीं 225 असा व्याजाचा दर असून, परतीचा प्रवास वादळी ऋतूंत गेल्यास तो हजारीं 300 व्हावयाचा होता. अर्थात् एवढें व्याज हें जोखमीचें मोल होतें.

पण जेथें सोय तेथें तिचा गैरफायदा घेणाराहि निपजतो. डिमॉस्थेनीसच्या नांवावर असलेल्या एका भाषणांत हेगेस्ट्राटस नांवाच्या जहाजमालकाची हकीकत आली आहे. त्यानें सिराक्यूज बंदरांत कर्जें काढून तो पैसा माल न भरतां परभारें आपल्या गांवीं पाठविला. आणि जहाज बुडालें म्हणजे कर्ज बुडालें, या हिशेबानें भर समुद्रांत रात्रीं तो जहाजाच्या तळास भोंक पाडूं लागला. उतारूंनीं त्यास पकडलें, तेव्हां त्यानें होडींत उतरण्यासाठीं समुद्रांत उडी घेतली. ती होडी चुकली आणि तो बुडून मेला. माल आला नाहीं असें नुसतें म्हणून भागत नाहीं, तें पुराव्यानें ठरावें लागतें, हा धडा या गोष्टींत आहे.

आपल्या देशांतहि हा विचार झालेला होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत आणि याज्ञवल्क्यस्मृतींत समुद्रावर जाणाऱ्या व्यापाऱ्यांसाठीं दरमहा शेंकडा वीस, आणि अरण्यांतून जाणाऱ्यांसाठीं दरमहा शेंकडा दहा, असा व्याजाचा दर सांगितला आहे. त्या विसांतील पुष्कळसा भाग व्याजाचा नव्हता, तो भीतीचा होता. पुढें पश्चिम किनाऱ्यावरील गलबतांच्या व्यापारांत जोखमी हुंडी म्हणून एक हुंडी प्रचारांत आली. साधी हुंडी मुदत भरली कीं वटवावीच लागे. जोखमी हुंडीचे पैसे मात्र तींत नांव असलेल्या गलबतावरचा माल बंदरास सुखरूप लागला तरच द्यावे लागत. माल पाठविणाऱ्यास रोख रक्कम हुंडी विकत घेणाऱ्याकडून लगेच मिळे. माल घेणारा तो आल्यावांचून पैसे देत नसे. आणि मधली सारी जोखीम हुंडी घेणारा पत्करून तिचा मोबदला आधींच कापून घेई. येथें तो तिसरा मनुष्य प्रथमच आपल्याला स्पष्ट दिसतो. दोघांच्या मध्यें उभा राहून मालाच्या पोंचण्याशीं पैशाची गांठ मारणें, हें त्याचें काम.

आगबोटी व तारायंत्रें आल्यावर व्यापार विस्तारला, आणि ही गांठ सैल झाली. मोठ्या व्यापाऱ्यांत अशी रीत पडली कीं, विकणाऱ्यानें माल जहाजांत चढवून त्याची पावती, भरतिया आणि विमापत्र हे कागद गिऱ्हाइकापुढें ठेवावे, आणि गिऱ्हाइकानें त्या कागदांवर पैसे मोजावे. पहिल्या महायुद्धांत, 1917 सालच्या मार्चमध्यें, अल्गॉन्किन नांवाचें अमेरिकन जहाज जर्मन पाणबुडीनें बुडविलें. त्यावरील स्टार्चविषयीं लंडनच्या कोर्टांत जो खटला झाला, त्यांत न्यायाधीशांनीं असें तत्त्व सांगितलें कीं, जहाज बुडालें हें ठाऊक असतांहि विकणारा कागद पुढें करूं शकतो, आणि कागद बिनचूक असतील तर गिऱ्हाइकानें पैसे दिलेच पाहिजेत. त्या खटल्यांत गिऱ्हाईक वांचला, तो विम्याचे कागद नियमाप्रमाणें नव्हते म्हणून. व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांत हें तत्त्व ठीकच आहे, कारण गिऱ्हाइकाच्या हातीं निदान विमापत्र तरी येतें, आणि त्यावर त्यास विमा कंपनीकडून भरपाई घेतां येते.

परंतु हाच विचार साध्या गिऱ्हाइकासहि लागू झाला, तेथें पंचाईत झाली. आपला माल विक्रीचा कायदा 1930 सालचा आहे. त्याच्या 39 व्या कलमांत असें म्हटलें आहे कीं, विकणाऱ्यानें माल गिऱ्हाइकाकडे पाठवावयाचा असेल, तेव्हां तो वाहून नेणाऱ्याच्या स्वाधीन केला म्हणजे सकृद्दर्शनीं गिऱ्हाइकास मिळाला असें समजावें. आम्ही माल रवाना केला, आतां आमचें काम संपलें, असें जें उत्तर दुकानदार देतो, त्याची मुळी या जुन्या कल्पनेंत आहे. इंग्लंडमध्यें 1893 च्या कायद्यानें हाच नियम होता. सामान्य ग्राहकापुरता तो पुढें बदलण्यांत आला, आणि 2015 च्या कायद्याप्रमाणें वस्तु ग्राहकाच्या प्रत्यक्ष ताब्यांत येईपर्यंत तिची जोखीम दुकानदाराचीच असते.

कायदा बदलण्याच्या पुष्कळ आधीं सामान्य मनुष्याची सोय टपालखात्यानें केली. आपल्या देशांत 1877 सालीं व्ही. पी. ची पद्धत सुरू झाली. पुस्तकें, औषधें, घड्याळें खेड्यापाड्यांत गेलीं तीं या व्ही. पी. च्या जोरावर. पोस्टमन पार्सल हातांत देतो, तेव्हांच पैसे घेतो. पार्सल आलें नाहीं तर पैसेहि जात नाहींत. जोखमी हुंडींतील सराफाची जागा येथें खाकी पोशाखांतील पोस्टमननें घेतली. या पद्धतींत न्यून होतेंच. पेटी फोडण्यापूर्वीं आंत काय आहे हें कळत नाहीं, आणि पेटींत दगड निघाल्याच्या तक्रारीहि होत. तरीहि ज्याची ओळख नाहीं अशा दूरच्या दुकानदारावर विश्वास टाकण्याचें धैर्य सामान्य माणसास त्या पद्धतीनें दिलें.

परदेशच्या टपालाची व्यवस्था निराळी. 1874 सालीं बर्न शहरीं जागतिक टपालसंघाचा पाया घातला गेला, आणि 1876 सालीं हिंदुस्थान त्यांत सामील झाला. या संघाच्या नियमांप्रमाणें रजिस्टर केलेली अथवा विमा उतरलेली वस्तु हरवली तर टपालखात्यानें भरपाई द्यावी लागते. साध्या टपालानें पाठविलेल्या वस्तूस तें संरक्षण नाहीं. यांत दोन गोष्टी ग्राहकानें ध्यानांत ठेवाव्या. पहिली ही कीं, वस्तु टाकल्यापासून सहा महिन्यांच्या आंत चौकशीचा अर्ज गेला पाहिजे. दुसरी ही कीं, वस्तु हरवली असतां भरपाईचा हक्क सामान्यतः पाठविणाऱ्याचा असतो, घेणाऱ्याचा नव्हे. म्हणून टपालकचेरींत हेलपाटे घालणाऱ्या ग्राहकास पुष्कळदां रिकाम्या हातानें परतावें लागतें. त्याचा दावा दुकानदारावर, आणि दुकानदाराचा टपालावर, असा हा क्रम आहे.

आतां अमेरिकेकडे वळूं. कारण टपालानें दुकान चालविण्याचा धंदा तेथें फार वाढला. शिकागोच्या माँटगोमेरी वॉर्ड यानें 1872 सालीं एका कागदाच्या यादीवर असा व्यापार आरंभिला, आणि 1875 सालीं माल पसंत न पडल्यास पैसे परत देण्याचें वचन जाहीर केलें. शेतकऱ्यांचा त्याच्यावर विश्वास बसला तो या वचनामुळें. पण वचन हें देणाऱ्याच्या मर्जीवर असतें. सर्वच दुकानदार वॉर्डसारखे नव्हते. अखेर 1975 सालीं अमेरिकेच्या व्यापार आयोगानें नियम केला कीं, सांगितलेल्या मुदतींत, आणि मुदत सांगितली नसेल तर तीस दिवसांत, माल रवाना होत नसेल तर ग्राहकास तसें कळवून पैसे परत घेण्याची मुभा दिली पाहिजे. एका दुकानदाराच्या वचनाचा सर्वांवर बंधनकारक नियम होण्यास बरोबर शंभर वर्षें लागलीं!

याच सुमारास क्रेडिट कार्ड आलें होतें, आणि त्याच्याबरोबर आपला तो तिसरा मनुष्य नव्या वेषांत आला. कार्डानें खरेदी केली असतां दुकानदारास पैसे बँकेच्या मार्फत मिळतात, आणि ग्राहक ते मागाहून बँकेस देतो. 1974 सालीं अमेरिकेंत व इंग्लंडांत असे दोन स्वतंत्र कायदे झाले. अमेरिकन कायद्याप्रमाणें, न पोंचलेल्या मालाची आकारणी ही बिलांतील चूकच समजली जाते. बँकेनें बिल पाठविल्यापासून साठ दिवसांत ग्राहकानें लेखी कळविलें, तर बँकेस चौकशी करावीच लागते. इंग्लंडच्या कायद्याचें 75 वें कलम याहूनहि पुढें गेलें. शंभर पौंडांहून अधिक व तीस हजार पौंडांपर्यंतच्या किंमतीच्या वस्तूविषयीं दुकानदारानें करार मोडला, तर उधार देणारी बँकहि त्याच्या बरोबरीनें जबाबदार, असें तें कलम आहे. परदेशांतील खरेदीस हें लागू नाहीं, असें बँकांचें म्हणणें होतें. तो वाद हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला, आणि 2007 च्या ऑक्टोबरांत निकाल ग्राहकांच्या बाजूनें लागला. दुकानदार सातासमुद्रांपलीकडे असला, तरी बँक मात्र आपल्याच गांवांत आहे, हें त्या निकालाचें मर्म होय.

चीनमध्यें हीच कल्पना दुसऱ्या वाटेनें आली. 2003 सालीं ताओबाओ नांवाची इंटरनेटवरील बाजारपेठ सुरू झाली, तेव्हां अनोळखी माणसास आधीं पैसे देण्यास कोणी तयार होईना, आणि आधीं माल पाठविण्यासहि कोणी धजेना. मग अशी तोड निघाली कीं, गिऱ्हाइकाचे पैसे मध्यस्थानें आपल्याजवळ ठेवावे, आणि माल मिळाला असें गिऱ्हाइकानें कळविल्यावरच विकणाऱ्यास द्यावे. या रीतीचा पहिला व्यवहार एका वापरलेल्या कॅमेऱ्याचा झाला. विकणारा जपानांत होता, घेणारा चीनच्या शीआन शहरांत, आणि किंमत 750 युआन. पुढें अलिपे म्हणून जी प्रचंड पेढी वाढली, तिचा आरंभ हा असा. जोखमी हुंडी लिहिणाऱ्या आपल्या सराफास ही युक्ति पाहून मुळींच नवल वाटलें नसतें.

आतां आपल्या येथील स्थिति पाहूं. ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा 1986 चा. त्याच्या जागीं 2019 चा कायदा येऊन तो 20 जुलै 2020 पासून अंमलांत आला. त्याच महिन्यांत इंटरनेटवरील व्यापाराचे नियमहि निघाले, आणि हिंदुस्थानांतील ग्राहकांस पद्धतशीर रीतीनें माल विकणाऱ्या परदेशी दुकानांसहि ते लागू केले गेले. तक्रारीची पोंच 48 तासांत द्यावी व निवारण एका महिन्यांत करावें, असें त्यांत सांगितलें आहे. ग्राहकास आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगापुढें दाद मागतां येते. मुदत दोन वर्षांची असते, आणि पांच लाखांपर्यंतच्या खरेदीस फी पडत नाहीं. सल्ल्यासाठीं 1915 या क्रमांकावर सरकारी दूरध्वनि आहे. तथापि ज्या दुकानाचा या देशांत पत्ता नाहीं, मालमत्ता नाहीं, त्याच्यावर येथील हुकूम बजावणें अवघड, हें उघड आहे. अशा वेळीं कोर्टापेक्षां तिसऱ्या मनुष्याचाच आधार अधिक.

म्हणून माल आला नाहीं तर क्रम असा असावा. मागणीची पावती, कबूल केलेली तारीख आणि दुकानदाराशीं झालेला पत्रव्यवहार जपून ठेवावा. तारीख उलटतांच दुकानदारास पैसे परत देण्याविषयीं स्वच्छ शब्दांत लिहावें. ज्या बाजारपेठेच्या मार्फत खरेदी झाली, तिच्याकडे तिच्या मुदतींत तक्रार नोंदवावी. तेथें दाद लागली नाहीं, तर ज्या बँकेचें कार्ड, तिला माल न मिळाल्याबद्दल व्यवहारास हरकत घेत असल्याचें लेखी कळवावें. आपल्याकडे हा हक्क मुख्यतः कार्डांच्या संस्थांच्या नियमांवर उभा असून त्याची मुदत, माल यावयाच्या तारखेपासून, साधारणपणें 120 दिवसांची असते. बँकेनें तीस दिवसांत उत्तर दिलें नाहीं किंवा असमाधानकारक दिलें, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जातां येतें.

येथें एका युक्तीपासून सावध राहिलें पाहिजे. आणखी थोडे दिवस थांबा, जहाज अडकलें आहे, कस्टममध्यें उशीर होत आहे, असें गोड बोलून लबाड दुकानदार दिवस काढीत राहतो. त्याचा डोळा आपल्या मुदतीवर असतो. ती संपली कीं त्याचीं उत्तरें येणेंहि संपतें. भिडेस पडून तक्रार मागें घेणारा मनुष्य सज्जन असेल, पण त्याची सज्जनता दुसऱ्याच्या पेटींत जमा होते. तसेंच, स्वस्ताच्या लोभानें जो कार्ड व बाजारपेठ सोडून अनोळखी विकणाऱ्याच्या खात्यावर सरळ पैसे पाठवितो, तो आपण होऊन नन्नीच्या जागीं जाऊन बसतो. आणि जो मिळालेला माल मिळाला नाहीं असें खोटें सांगून पैसे परत मागतो, तो हेगेस्ट्राटसच्या वंशांतला समजावा. तो ज्या तळास भोंक पाडतो, त्याच जहाजांत इतर प्रामाणिक ग्राहकहि बसलेले असतात.

श्रोते हो, या साऱ्या इतिहासाचें तात्पर्य थोडक्यांत सांगतां येईल. विकणाऱ्याचा चांगुलपणा हा दैवाचा भाग आहे. तो लाभला तर उत्तमच. परंतु पोंचण्याचा आणि पैसे देण्याचा संबंध जोडून धरणारा कोणीतरी मध्यें असेल, मग तो अथेन्सचा सावकार असो, जोखमी हुंडीचा सराफ असो, व्ही. पी. आणणारा पोस्टमन असो कीं आजची बँक असो, तरच गेलेला पैसा परत येण्याची वाट मोकळी राहते. वस्तु मागवितांना तिची किंमत आपण दहादां पाहतों. तितक्याच काळजीनें आणखी एक गोष्ट पहावी : वस्तु हातीं येईपर्यंत आपले पैसे कोणाच्या स्वाधीन आहेत? या प्रश्नाचें उत्तर ज्याला पैसे भरण्यापूर्वीं देतां येतें, त्यास ते परत मागण्याची वेळ आलीच, तर कोणाच्या दारीं जावयाचें हें ठाऊक असतें.